राजकीय पॉडकास्ट : उजवा विचार कुठे ऐकावा आणि कसा पारखावा

रायपूर : सप्टेंबर २०१५ मधील दुसऱ्या रविवारी, १३ तारखेला सकाळी पावणेअकरा वाजता, छत्तीसगडचे तत्कालीन मुख्यमंत्री डॉ. रमण सिंह यांचा आवाज आकाशवाणीवरून राज्यभर ऐकू आला. ‘रमन के गोठ’ या मासिक कार्यक्रमाचा तो पहिला भाग होता. छत्तीसगढी बोलीत ‘गोठ’ म्हणजे गोष्ट, बोलणे. डिसेंबर २०१८ मध्ये राज्यात सत्तांतर झाले आणि ११ ऑगस्ट २०१९ रोजी, पुन्हा महिन्याच्या दुसऱ्याच रविवारी, त्याच आकाशवाणीवरून नवे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांची ‘लोकवाणी’ सुरू झाली. एक मुख्यमंत्री भारतीय जनता पक्षाचे, दुसरे काँग्रेसचे. पक्ष बदलला, कार्यक्रमाचे नाव बदलले. वार आणि माध्यम मात्र तेच राहिले.

हे दोन्ही कार्यक्रम सरकारच्या प्रमुखाने जनतेशी बोलण्यासाठी होते आणि त्या मर्यादेत ते उपयुक्तही होते. योजना कोणती, लाभ कोणाला, अर्ज कुठे करायचा, हे दूरच्या गावातील श्रोत्याला घरबसल्या कळत असे. तथापि त्या योजनेवर विरोधकांचे म्हणणे काय, तिचा खर्च कोठून येणार, दुसरा पर्याय होता का, या प्रश्नांची चर्चा तेथे होणे शक्य नव्हते. तशी चर्चा ऐकू इच्छिणारा श्रोता आता नभोवाणीकडे नव्हे, तर मोबाइलवरील पॉडकास्टकडे वळला आहे. त्यातही परंपरावादी किंवा ‘उजव्या’ म्हणवल्या जाणाऱ्या विचारांचे कार्यक्रम कोणते, ते कोठून ऐकावेत आणि त्यांवर विश्वास किती ठेवावा, हे प्रश्न जिज्ञासू श्रोत्यांना पडतात. त्यांची उत्तरे शोधताना प्रथम हे पाहावे लागते की, भारतात नभोवाणीवर राजकीय चर्चा का रुजली नाही.

नभोवाणीवर राजकारण का नाही?

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या वादात महत्त्वाचा निकाल दिला. प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून त्यांवर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. पुढे खासगी एफएम केंद्रांना परवानगी देण्याचे धोरण आले आणि जुलै २००१ मध्ये बंगळूर येथे देशातील पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले. संगीत आणि मनोरंजनाचे दार उघडले. बातम्यांचे मात्र बंदच राहिले.

खासगी एफएम केंद्रांना स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींवरील कार्यक्रम प्रसारित करण्यास मनाई आहे. २०११ च्या धोरणाने त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे कोणताही बदल न करता ऐकविण्याची मुभा दिली. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी आणि विजेसंबंधीच्या सूचना, नैसर्गिक आपत्तीची माहिती, क्रीडा स्पर्धांचे समालोचन यांना ‘बातमी’च्या व्याख्येतून वगळण्यात आले. त्यामुळे रायपूरच्या एखाद्या खासगी केंद्रावरील निवेदक रस्त्यावरील कोंडीची माहिती देऊ शकतो, परंतु तो रस्ता रुंद करण्याचा निर्णय योग्य होता का, यावर नगरसेवक आणि विरोधक यांची चर्चा घडवू शकत नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये खासगी केंद्रांना दर तासाला दहा मिनिटांपर्यंत बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम देऊ द्यावेत, अशी शिफारस केली.

निवडणुकीच्या काळात मात्र आकाशवाणीवर सर्व मान्यताप्राप्त पक्षांचा आवाज ऐकू येतो. पक्षांना प्रसारणाचा वेळ देण्याची प्रथा १९७७ पासूनची. निवडणूक आयोगाच्या देखरेखीखालील विनामूल्य वेळेची आजची पद्धत जानेवारी १९९८ पासूनची. प्रत्येक पक्षाला एक किमान वेळ समान मिळतो आणि उरलेला वेळ मागील निवडणुकीतील कामगिरीनुसार वाटला जातो. भाषणाचा मसुदा आधी सादर करावा लागतो. ही व्यवस्था समतोल असली तरी तिचे स्वरूप एकामागून एक भाषणांचे आहे. एका पक्षाने दुसऱ्याला थेट प्रश्न विचारावा आणि श्रोत्याने उत्तर ऐकावे, असा प्रसंग त्यात क्वचितच येतो.

छत्तीसगडमध्येच या चौकटीबाहेरचा एक प्रयोग झाला. बीबीसीमध्ये काम केलेले पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये ‘सीजीनेट स्वर’ हे दूरध्वनीवर चालणारे व्यासपीठ सुरू केले. गावकऱ्याने ठरावीक क्रमांकावर फोन करायचा, उलट फोन आल्यावर आपले म्हणणे ध्वनिमुद्रित करायचे, संपादकांनी ते पडताळायचे आणि मग इतरांनी फोनवरूनच ते ऐकायचे, अशी त्याची रीत होती. त्यासाठी नभोवाणीचा परवाना लागत नव्हता आणि स्मार्टफोनही. गोंडीसारख्या भाषांतील लोक हातपंप, शिधा, मजुरीची थकबाकी यांबद्दल स्वतःच्या आवाजात बोलू लागले. ‘लोकवाणी’तही नागरिकांचे ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकवून मुख्यमंत्री त्यांना उत्तरे देत असत. तेथे प्रश्नांची निवड सरकारी यंत्रणेकडे होती, हा दोहोंतील फरक श्रोत्याने ध्यानात घेण्याजोगा आहे. कार्यक्रमात प्रश्न कोण निवडतो, यावर त्यातून काय ऐकू येणार, हे बरेचसे ठरते.

पॉडकास्ट इंटरनेटवरून प्रसारित होतो. त्याला प्रसारण लहरी लागत नाहीत, म्हणून एफएमवरील बातमीबंदी त्याला लागू होत नाही. बदनामी, समाजात तेढ निर्माण करणे यासंबंधीचे कायदे आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये अधिसूचित झालेले डिजिटल माध्यमांविषयीचे नियम मात्र त्यालाही बंधनकारक ठरू शकतात. अमेरिकेत नभोवाणीवर जे घडले, ते भारतात नभोवाणी ओलांडून थेट पॉडकास्टमध्ये घडत आहे, ते या कायदेशीर फरकामुळे.

अमेरिकेतील अनुभव

परंपरावादी राजकीय नभोवाणीची जन्मभूमी अमेरिका. तेथील प्रसारण आयोगाने १९४९ पासून एक दंडक घालून दिला होता. नभोवाणी केंद्रांनी सार्वजनिक वादाच्या प्रश्नांवर कार्यक्रम द्यावेत आणि ते देताना विरुद्ध मतालाही वाजवी संधी द्यावी, असे त्याचे सार होते. १९६९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरविला. परंतु या दंडकामुळे केंद्रे वादाचे विषयच टाळतात, असा आक्षेप वाढत गेला आणि ऑगस्ट १९८७ मध्ये आयोगाने तो रद्द केला.

सुमारे एका वर्षाने, १ ऑगस्ट १९८८ रोजी, रश लिंबो यांचा कार्यक्रम देशभर प्रसारित होऊ लागला. दररोज तीन तास एकच माणूस बोलत असे, विनोद करीत असे, विरोधकांची नक्कल करीत असे आणि अधूनमधून श्रोत्यांचे फोन घेत असे. वृत्तपत्रे आणि दूरचित्रवाणी आपले म्हणणे मांडत नाहीत, अशी भावना असलेल्या कोट्यवधी अमेरिकी नागरिकांना त्यात स्वतःचा आवाज सापडला. ही भावना सर्वस्वी निराधार नव्हती. धर्म, कुटुंब, करांचा बोजा, सरकारी हस्तक्षेप या विषयांवर त्यांच्यासारखे मत असणारे लोक त्यांना बातम्यांत क्वचितच भेटत होते. लिंबो यांना फेब्रुवारी २०२० मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले.

या यशामागे अर्थकारणही होते. संगीत एफएमवर गेल्याने जुन्या एएम केंद्रांना वेळ भरून काढण्यासाठी स्वस्त कार्यक्रम हवे होते. निर्माते आपला कार्यक्रम उपग्रहाद्वारे केंद्रांना पुरवीत आणि मोबदल्यात जाहिरातींसाठी मिनिटे घेत. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभरात किती केंद्रांची मालकी ठेवावी, यावरील मर्यादा काढून टाकली. काही वर्षांतच एकेका कंपनीकडे शेकडो केंद्रे गेली. सर्वांत मोठ्या कंपनीकडे ती बाराशेच्या आसपास होती. गावोगावच्या केंद्रांवर तोच आवाज ऐकू येऊ लागला. श्रोत्याला कार्यक्रम विनामूल्य मिळत होता. जाहिरातदाराला मात्र श्रोता रोज परत यायला हवा होता आणि राग हे त्याला परत आणणारे खात्रीचे साधन ठरले.

त्याचे टोकही अमेरिकेने पाहिले. २०१२ मध्ये सँडी हूक शाळेत झालेल्या गोळीबारात वीस मुले आणि सहा कर्मचारी ठार झाले. ही घटना बनाव असल्याचा प्रचार नभोवाणी आणि इंटरनेटवरून कार्यक्रम करणारे अॅलेक्स जोन्स यांनी केला. मुले गमावलेल्या पालकांना त्यांच्या श्रोत्यांकडून धमक्या सोसाव्या लागल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये कनेटिकट राज्यातील ज्यूरीने जोन्स यांनी सुमारे ९६.५ कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निर्णय दिला. परंपरावादी नभोवाणीतील सर्वच निवेदक असे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल; तथापि ज्या कार्यक्रमात उलट प्रश्न विचारणारा कोणीच नसतो, तेथे चूक किती दूर जाऊ शकते, हे या प्रकरणाने दाखवले.

‘उजवे’ म्हणजे नेमके काय?

‘उजवे’ आणि ‘डावे’ हे शब्द १७८९ च्या फ्रान्समधील सभागृहात कोण कोठे बसले, यावरून आले. राजसत्तेचे समर्थक अध्यक्षांच्या उजवीकडे आणि बदल मागणारे डावीकडे बसत. पुढील वर्षी इंग्लंडमध्ये एडमंड बर्क यांनी फ्रेंच क्रांतीवर टीका करणारा प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. पिढ्यान्‌पिढ्या घडलेल्या संस्था एका फटक्यात मोडू नयेत, हा त्यांचा विचार आधुनिक परंपरावादाचा पाया मानला जातो.

भारतात या प्रवाहाला किमान दोन धारा आहेत. पहिली आर्थिक. चक्रवर्ती राजगोपालाचारी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने १९५९ पासून परवाना पद्धती आणि सरकारी नियंत्रणाला विरोध केला. दुसरी सांस्कृतिक. ऑक्टोबर १९५१ मध्ये डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी यांनी भारतीय जनसंघ स्थापन केला आणि एप्रिल १९६५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी मुंबईत चार व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शन मांडले. या दोन धारा अनेकदा एकत्र वाहतात. पण त्या एकच नाहीत.

छत्तीसगडचे राजकारण पाहिले की, अमेरिकी कार्यक्रमांतील व्याख्या येथे जशाच्या तशा का लावता येत नाहीत, हे चटकन समजते. अमेरिकी परंपरावादी निवेदक शेतमालाला सरकारने बाजारापेक्षा अधिक दर देण्याच्या कल्पनेवर सहसा टीका करील. छत्तीसगडमध्ये मात्र धानाचा दर हा दोन्ही प्रमुख पक्षांच्या स्पर्धेचा विषय आहे. काँग्रेसने २०१८ मध्ये क्विंटलला अडीच हजार रुपयांचे आश्वासन दिले. २०२३ मध्ये भाजपने ३,१०० रुपये दराने एकरी २१ क्विंटल धान खरेदीचे आश्वासन दिले आणि निवडणूक जिंकली. मार्च २०२४ पासून ‘महतारी वंदन’ योजनेत पात्र विवाहित महिलांना दरमहा एक हजार रुपये मिळू लागले. दुसरीकडे, काँग्रेस सरकारने जुलै २०२० मध्ये दोन रुपये किलो दराने शेण खरेदी सुरू केली, रामवनगमन पथाचा विकास हाती घेतला आणि रायपूरजवळील चंदखुरी येथील कौसल्या माता मंदिराचे नूतनीकरण केले. खर्चाच्या धोरणात उजवा कोण आणि परंपरेच्या राजकारणात डावा कोण, याचे उत्तर येथे सरळ मिळत नाही.

म्हणून एखादा पॉडकास्ट स्वतःला ‘राष्ट्रवादी’, ‘परंपरावादी’ किंवा ‘मुक्त बाजारवादी’ म्हणवत असेल, तर श्रोत्याने प्रथम विषयवार मत पाहावे. तोच निवेदक अनुदानावर, आरक्षणावर, समान नागरी कायद्यावर आणि जंगलातील खाणींवर काय म्हणतो, हे ऐकल्यावरच त्याची भूमिका कळते.

काय ऐकावे?

प्रारंभ मराठीपासून करणे सोयीचे. ज्येष्ठ पत्रकार भाऊ तोरसेकर यांची ‘प्रतिपक्ष’ ही यूट्यूब वाहिनी हिंदुत्ववादी राजकारणाकडे सहानुभूतीने पाहणाऱ्या श्रोत्यांत परिचित आहे. ते एकट्याचे कथन असते. महाराष्ट्रातील गेल्या अनेक दशकांच्या राजकारणाच्या आठवणी आणि त्यांवरून आजच्या डावपेचांचा लावलेला अर्थ, ही त्याची जमेची बाजू. एकट्याचे कथन असल्याने निष्कर्षांना तेथल्या तेथे आव्हान मिळत नाही, ही त्याची मर्यादा. विनायक पाचलग यांच्या ‘थिंक बँक’ वाहिनीवर मुलाखतींचा भर आहे. निरनिराळ्या मतांचे अभ्यासक, पत्रकार आणि राजकीय कार्यकर्ते तेथे येतात. त्यामुळे एखाद्या विषयाची उजवी मांडणी ऐकून लगेच दुसरी मांडणीही शोधता येते.

हिंदीत, ‘पुलियाबाज़ी’ हा २०१८ पासूनचा पॉडकास्ट सार्वजनिक धोरणांवर आहे. बाजारपेठ, राज्यसंस्था आणि समाज यांची कामे कोणती, हा प्रश्न तेथे गप्पांच्या ओघात उलगडतो. रायपूरच्या हिंदी वातावरणात वाढलेल्या मराठी श्रोत्याला त्याची भाषा सहज वाटेल. सांस्कृतिक उजव्या विचाराची अधिक तीव्र मांडणी ऐकायची असल्यास निवृत्त सनदी अधिकारी संजय दीक्षित यांची ‘द जयपूर डायलॉग्ज’ ही वाहिनी आहे. ती हिंदुत्वाची बाजू उघडपणे घेते, हे ध्यानात ठेवून ती ऐकावी.

इंग्रजीत, अमित वर्मा यांचा २०१७ पासूनचा ‘द सीन अँड द अनसीन’ व्यक्तिस्वातंत्र्य आणि मुक्त बाजार यांच्या बाजूचा आहे. त्याचे अनेक भाग कित्येक तासांचे असतात आणि पाहुण्याला आपला विचार पूर्ण मांडू दिला जातो. अमेरिकेतील हूवर संस्थेचा ‘अनकॉमन नॉलेज’ पीटर रॉबिन्सन चालवितात. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८७ मध्ये बर्लिनच्या भिंतीसमोर केलेल्या भाषणाचे लेखन त्यांनीच केले होते. परंपरावादी विचारवंतांच्या सविस्तर मुलाखती ऐकण्यासाठी तो उत्तम आहे. अर्थतज्ज्ञ रस रॉबर्ट्स यांचा ‘इकॉनटॉक’ २००६ पासून चालू आहे आणि ते मुक्त बाजाराचे पुरस्कर्ते असूनही भिन्न मताच्या पाहुण्यांना निवांत बोलू देतात. ‘द बेन शापिरो शो’ हा २०१५ पासूनचा कार्यक्रम वेगवान आणि लढाऊ आहे. अमेरिकी उजव्या राजकारणातील दैनंदिन वाद कळण्यासाठी तो ऐकावा, समतोल माहितीसाठी नव्हे. ब्रिटनमधील ‘स्पेक्टेटर’ या १८२८ पासूनच्या साप्ताहिकाचा ‘कॉफी हाउस शॉट्स’ छोटा असून तेथील हुजूर पक्षाचे राजकारण समजण्यास उपयोगी पडतो.

या सर्वांआधी एखादा आदर्श ऐकावयाचा असेल, तर तो जुना आहे. ‘नॅशनल रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे संस्थापक विल्यम बकली यांनी १९६६ ते १९९९ या काळात ‘फायरिंग लाइन’ हा दूरचित्रवाणी कार्यक्रम चालविला. बकली हे अमेरिकी परंपरावादाचे अग्रणी. तरीही ते आपल्या विरोधकांना समोर बसवत आणि त्यांच्याशी तासन्‌तास वाद घालत. भागांचा संग्रह हूवर संस्थेकडे आहे. त्यातील वाद ऐकताना श्रोत्याला परंपरावाद्याचा युक्तिवाद तर कळतोच. शिवाय त्यावरचे सर्वांत कठीण आक्षेप कोणते, हेही कळते.

कसे पारखावे?

कोणताही राजकीय कार्यक्रम, मग तो उजवा असो वा डावा, नियमित ऐकण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात.

पहिली, विरोधकाचे म्हणणे कोणाच्या तोंडून ऐकू येते? निवेदक विरोधकाची बाजू स्वतःच सांगत असेल, तर ती बहुधा कमकुवत करून सांगितलेली असते. महिन्याभरात एकही भिन्न मताचा पाहुणा आला नाही, तर तो कार्यक्रम प्रचाराच्या जवळ गेला आहे, असे समजावे. ही कसोटी चारांपैकी सर्वांत महत्त्वाची आहे.

दुसरी, खर्च कोण करतो? सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने रशियाच्या सरकारी वाहिनीच्या दोन कर्मचाऱ्यांवर आरोपपत्र ठेवले. टेनेसी राज्यातील एका कंपनीमार्फत सुमारे एक कोटी डॉलर ओतून उजव्या विचारांच्या लोकप्रिय निवेदकांकडून चित्रफिती करून घेतल्याचा आरोप त्यात होता. पैसा कोठून येतो, याची आपल्याला कल्पना नव्हती, असे त्या निवेदकांनी सांगितले. बोलणाऱ्यालाच प्रायोजक ठाऊक नसेल, तर श्रोत्याने सावध राहणे भागच आहे. जाहिरात, वर्गणी, पक्ष, संस्था की सरकार, याचा उलगडा कार्यक्रमाच्या पानावर असावा.

तिसरी, चूक झाली तर दुरुस्ती होते का? वृत्तपत्रात दुरुस्ती छापण्याची जागा असते. पॉडकास्टमध्ये जुना भाग तसाच फिरत राहतो. पुढील भागात चूक स्पष्ट शब्दांत मान्य करणारा निवेदक विश्वासास पात्र असतो.

चौथी, सत्तेवरील व्यक्तीला उलट प्रश्न विचारला जातो का? पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची ‘मन की बात’ ३ ऑक्टोबर २०१४ रोजी विजयादशमीला सुरू झाली आणि ३० एप्रिल २०२३ रोजी तिचे शंभर भाग पूर्ण झाले. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात ती तीन महिने थांबविण्यात आली होती. ते एकतर्फी निवेदन आहे आणि तसाच त्याचा हेतू आहे. जानेवारी २०२५ मध्ये उद्योजक निखिल कामत यांच्या आणि मार्चमध्ये अमेरिकेतील लेक्स फ्रिडमन यांच्या पॉडकास्टमध्ये पंतप्रधान सहभागी झाले; फ्रिडमन यांच्याशी झालेला संवाद तीन तासांहून अधिक चालला. अमेरिकेत ऑक्टोबर २०२४ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनीही जो रोगन यांच्याशी सुमारे तीन तास संवाद साधला होता. दीर्घ गप्पांत नेत्याचा स्वभाव, वाचन, आठवणी समजतात. मात्र लांबी म्हणजे खोली नव्हे. अशा भागात नेत्याचे एखादे विधान आकडेवारी समोर ठेवून तपासले गेले का, हे मोजावे.

निवेदकाचा आवाज कानाशी असतो, घरातील माणसासारखा. स्वयंपाक करताना, गाडी चालवताना, रात्री झोपण्यापूर्वी तो ऐकला जातो. त्यामुळे वाचलेल्या लेखापेक्षा ऐकलेल्या शब्दावर विश्वास लवकर बसतो. शिवाय मोबाइलवरील यंत्रणा एक भाग संपताच त्याच मताचा, बहुधा अधिक तिखट, दुसरा भाग सुचविते. यादी यंत्रणेने ठरवू नये, श्रोत्याने स्वतः ठरवावी, हा यावरील साधा उपाय आहे. आठवड्यात एक एकट्याचे कथन, एक मुलाखत आणि त्याच विषयावर विरुद्ध बाजूचा एक भाग, असे तीन भाग पुरेसे होतात. ऐकलेला आकडा पुढे पाठविण्यापूर्वी मूळ सरकारी अहवालात किंवा वृत्तसंस्थेच्या बातमीत पडताळावा.

रायपूरची जुनी शिकवण

मतप्रदर्शन आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, याचा दाखला रायपूरच्या मराठी माणसाला दूर शोधावा लागत नाही. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रा येथून ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामनराव लाखे, तिघेही मराठी. मासिक तीनच वर्षे चालले, परंतु नव्या पुस्तकांच्या परखड परीक्षणांसाठी ते हिंदी साहित्याच्या इतिहासात नोंदले गेले. सप्रे पुढे लोकमान्य टिळकांच्या विचारांचे कडवे अनुयायी झाले; १९०७ मध्ये त्यांनी नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढला, ‘गीतारहस्य’ आणि ‘दासबोध’ हिंदीत आणले. त्यांची निष्ठा ठाम होती आणि तरीही दुसऱ्याचे लेखन वाचून त्याचे गुणदोष नोंदविणे, हे काम त्यांनी संपादक म्हणून केले. २३ एप्रिल १९२६ रोजी रायपुरातच त्यांचे निधन झाले. शहरातील एक शाळा आज सप्रे यांचे नाव सांगते आणि एक वस्ती लाखेनगर म्हणून ओळखली जाते.

उजव्या विचाराचा पॉडकास्ट ऐकणाऱ्याने उजवे व्हावे किंवा डावेच राहावे, असा आग्रह धरण्याचे कारण नाही. रायपूरमधील श्रोत्यापुढे पुढील निवडणुकीत पुन्हा धानाचा दर, महिलांचे मासिक साहाय्य, बस्तरमधील खाणी आणि धर्मांतराचे प्रश्न येणार आहेत. त्यांवर मत बनविताना एका बाजूचा सर्वोत्तम युक्तिवाद आणि त्यावरील सर्वांत कठीण आक्षेप, दोन्ही त्याच्या कानावर पडलेले असावेत. आकाशवाणीवरील महिन्याच्या एका रविवारात ते शक्य नव्हते. आता साधन हाती आहे आणि निवड श्रोत्याची आहे.